टेबलावरचे गोडे पाणी

कमळाच्या अंगात रक्त टिकत नव्हते. बाहेरून दिलेले रक्त काही दिवस गालांवर दिसे, ओठांना रंग येई, जिना चढताना धाप लागेनाशी होई. आणि मग पाझरत्या माठातले पाणी उतरावे तसे ते नकळत उतरून जाई. ठाण्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात ती पुन्हा दाखल झाली होती. परिचारिका खाटेशेजारी रक्ताची पिशवी टांगू लागली, तशी कमळाने तिला क्षणभर थांबायला सांगितले, मोकळा हात कपाळाशी नेला आणि त्या पिशवीला नमस्कार केला.

परिचारिकेला हसू आले. देवळात आल्यासारखे करता तुम्ही, असे ती म्हणाली. हे रक्त कोणाचे, असे कमळाने विचारले. देणाऱ्याचे नाव कोणाला सांगत नाहीत, आम्हालाही ते ठाऊक नसते, असे उत्तर मिळाले. कमळाला त्याचे फार नवल वाटले. भिवंडीजवळच्या तिच्या अंजूर गावात वाटीभर साखर उसनी दिली, तरी वर्षभर तिची आठवण करून देणारी माणसे होती. आणि इथे कोणीतरी अंगातले रक्त काढून दिले होते, आणि नाव न सांगता आपल्या वाटेने घरी निघून गेले होते. तो पुरुष की बाई, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, काही कळायला मार्ग नव्हता. तिने डोळे मिटले आणि त्या नाव नसलेल्या माणसाच्या लेकराबाळांसाठी मनातल्या मनात गावदेवीपुढे पदर पसरला.

तिला जगायचे होते. तिची मुलगी मृणाली अजून कॉलेजात शिकत होती, आणि घरात दुसरे कोणी उरले नव्हते. तिचा नवरा चिंधू गोदामाचा टेम्पो चालवीत असे. एका पहाटे महामार्गावर त्याला अपघात झाला आणि तो परत आला नाही. त्याच्या दिवसकार्याला सारी भावकी जमली, हळहळली आणि जेवून गेली. मागे राहिला तो एकटा काळूराम. हा चिंधूचा चुलत भाऊ. वाडवडिलांची भातशेती गोदामवाल्यांना देऊन त्याने भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमाग घातले होते. ओसरीवर बसून, खाली मान घालून तो म्हणाला, "वहिनी, उद्यापासून आपल्या खात्यात यायचं. कुनाच्या दारात हात पसरायचा न्हाय."

ते वाक्य कमळाने देवघरातल्या टाकासारखे जपले होते. काळूरामभाऊजी बोलायला फटकळ, पण हाताचा सैल, असे ती सर्वांना सांगे. मृणालीची फी त्याने कधी चुकवली नाही. संध्याकाळी काम सुटताना तो प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. रुईचे तंतू आणि वास छातीत बसतात, गुळाने ते सुटतात, अशी त्याची मनापासून श्रद्धा होती.

ते खाते म्हणजे लांबच लांब खोली. मागावरून उतरलेले कोरे कापड तिथे टेबलावर पसरून तपासले जाई, त्याच्या घड्या घातल्या जात आणि तागे बांधले जात. मागाच्या तेलाचे काळे डाग कापडावर पडलेले असत. ते काढण्याचे काम इद्रीसचाचाकडे होते. इद्रीसचाचा उत्तरेकडचा, वयस्कर, पांढऱ्या दाढीचा आणि हाताचा अतिशय हलका. चिंधीचा बोळा एका बाटलीतल्या पातळ द्रवात बुडवून तो डागावर असा फिरवी की डाग जणू आपण होऊन उठून जाई.

कमळा कामावर आली त्याच आठवड्यात एक गंमत झाली होती. बाटली रिकामी झाली तेव्हा चाचाने तिला हाक मारून "बहन, ज़रा मीठा पानी लाना" असे सांगितले. कमळाचा बाप जन्मभर खाडीकाठच्या मिठागरावर राबलेला. तिच्या कानाला मीठ तेवढे ऐकू आले. ती लगबगीने चहाच्या कोपऱ्यात गेली, तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवले आणि ते चाचापुढे आणून ठेवले. चाचाने बोळा बुडवला, डागावर घासला, पुन्हा घासला, मग बोट चाखून पाहिले. सारे टेबल हसून लोळायचे बाकी राहिले. काळूराम दारातून ओरडला होता, "आगऱ्याची लेक ही. मीठ म्हटलं का निघाली मिठागरावं."

हसू ओसरल्यावर चाचाने तिला कोपऱ्यातले निळे पिंप दाखवले. झाकण उघडताच मंद, गोडसर वास आला, अतिशय पिकलेल्या फळासारखा. त्या वासावरूनच त्याला मीठा पानी म्हणतात, असे चाचाने सांगितले. कमळा म्हणाली, मग सरळ गोडं पानी म्हना की. तेव्हापासून मराठी बायकांच्या तोंडी तेच नाव बसले.

नाव बसले आणि त्याच्याबरोबर विश्वासही बसला. गोडे पाणी या शब्दाची थोरवी खाडीकाठच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. जिथे दोन हात खणले तरी खारटपणा लागतो, तिथे गोड्या पाण्याच्या विहिरीला लोक दिवाळीत पणती लावतात आणि नव्या नवरीला आधी तिचे दर्शन घडवतात. त्या नावाचे काही वाईट असू शकेल, हे कमळाच्या स्वप्नातही आले नाही. जेवणाच्या सुट्टीत हाताचे काळे तेल साबणाने निघेना, म्हणून सगळ्या बायका त्याच द्रवाने हात धुवीत आणि भाकरी मोडीत. बाहेर गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ कापडावर बसू नये म्हणून खिडक्या बंद असत. वास पदराला लागे, केसांत बसे, घरापर्यंत येई. अत्तर लावून आल्यासारखी येतेस, असे शेजारणी कमळाला चिडवीत.

पुढे इद्रीसचाचाची प्रकृती बिघडली. थकवा येई, ताप येई, तोंडावरची कळा गेली. तो मुलखाला निघून गेला आणि बाटली कमळाच्या हाती आली. तिने ते काम मानाचे समजून केले.

मग काही वर्षांनी तिलाही धाप लागू लागली. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे असे सांगितले. आपल्याकडे हे दोन शब्द इतके सरावाचे झाले आहेत की ऐकणाऱ्या बाईला त्यात आजार दिसतच नाही. कष्ट करणाऱ्या बाईचे रक्त कमी असायचेच, अशी समजूत असते. कमळाने लोहाच्या गोळ्या घेतल्या, बीट खाल्ले, खजूर खाल्ले आणि भाऊजींचा गूळ तर रोजचाच होता. थकवा हटला नाही. शेवटी मृणालीला आईच्या दंडावर निळेकाळे डाग दिसले. कुठे आपटलीस, असे तिने विचारले. आईला काही आठवेना. आणखी दोन दिवसांनी मांडीवरही तसेच डाग उमटले, तेव्हा मुलीने आईचे काही ऐकले नाही आणि तिला ठाण्याला आणले.

तिथे डॉक्टर नीरजा भेटल्या. रक्ताच्या आजारांच्या त्या तज्ज्ञ. भिवंडीच्याच, त्यांचे वडील शरच्चंद्र तिथल्या शाळेत संस्कृत शिकवीत असत. गावची माणसे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो ओलावा आला, त्याने कमळाचा निम्मा ताण उतरला. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी आहेत, पांढऱ्याही कमी आहेत आणि रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशीही कमी आहेत, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणजे हे नुसते अन्न कमी पडल्याचे काम नव्हे. रक्त जिथे घडते ती हाडांतली मज्जाच कुठेतरी अडली आहे. मग त्यांनी बारकाईने एकेक विचारले. घरात कोणाला असे झाले का, कोणती औषधे घेतली, शेतात फवारणी करता का, काम कोणते.

कापडावरचे डाग काढायचे, असे कमळाने सांगितले.

कशाने, असे डॉक्टरांनी विचारले.

"गोड्या पान्यानं," कमळा म्हणाली.

डॉक्टर नीरजा परक्या गावच्या असत्या, तर गोडे म्हणजे काय, असे त्यांनी तिथेच विचारले असते. पण त्या भिवंडीच्या होत्या. बोअरच्या खाऱ्या पाण्याने कोऱ्या कापडावर पांढरे चट्टे राहतात, म्हणून चांगले कारखानदार टँकरचे गोडे पाणी वापरतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. दोन्ही बायका एकाच भागातल्या, एकच भाषा बोलणाऱ्या. म्हणूनच शब्द त्यांच्यामधून सुरळीत निघून गेला आणि त्याचा अर्थ मागे राहिला.

त्यानंतर रक्त चढले, कमळा घरी गेली, जरा उभारी आली तशी पुन्हा कामावर गेली, पुन्हा रक्त उतरले. घरी नुसते बसून भाऊजींचे उपकार घेणे तिला पटत नव्हते. असे पुन्हा पुन्हा झाले. आता या खेपेला कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासायची ठरली होती. मज्जेत काय सापडेल याची धास्ती डॉक्टरांनी बोलून दाखवली नव्हती. पण त्यांनी मृणालीला बाजूला नेऊन काही सांगितले आणि मुलगी डोळे धुऊन परत आली, त्यावरून कमळाने ओळखायचे ते ओळखले.

त्या संध्याकाळी ठमाबाई भेटायला आली. टेबलावर कमळाच्या समोर बसणारी, वयाने मोठी, तोंडाची तिखट. कमळा नसताना बाटली आता तिच्याकडे होती. ड्युटी सुटल्याबरोबर, लुगडेही न बदलता, रिक्षा आणि बस करून ती थेट आली होती. पिशवीतून तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली, ती परिचारिकेने लगेच ताब्यात घेतली. मग ती खाटेला टेकून बसली.

"हाडातनं काय काढनार म्हनं?"

"मज्जा," कमळा म्हणाली.

"बघ बाई. एवढी वर्सं हाडं झिजवली, पन आत मज्जा असते हे कुनी सांगितलं न्हाय. आपल्याला तर कधी आली न्हाय."

कमळा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसली. तिचे ते हसणे चालू असतानाच डॉक्टर नीरजा फेरीवर आल्या. खाटेजवळ येताच त्यांचे पाऊल थबकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मग ठमाबाईकडे.

"हा वास कसला येतोय?"

ठमाबाई ओशाळली. तिने पदर गोळा केला. "माज्याच अंगाचा हाय म्याडम. कामावरनं तशीच आले. गोड्या पान्याचा वास. साबन लावला तरी जात न्हाय."

"कशाचा वास?"

"गोड्या पान्याचा."

डॉक्टरांनी हातातली फाईल खाटेवर ठेवली. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "बाई, पाण्याला वास कुठे असतो?"

कमळाला आधी हसूच फुटले, कारण मिठाच्या तांब्याची जुनी गोष्ट तिला आठवली. मग ते हसू तिच्या ओठांवरच राहिले. तिने ठमाबाईच्या पदराकडे पाहिले. वर्षानुवर्षे जो वास आपल्या अंगावरून घरात गेला, मृणालीच्या उशीपर्यंत गेला, तो आज तिला प्रथम वेगळा असा जाणवला.

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसल्या. रुग्णाच्या खाटेवर डॉक्टर बसत नाहीत, त्या बसल्या. त्यांनी पहिल्यापासून सगळे विचारून घेतले. दोघी बायकांनी आळीपाळीने सांगितले. निळे पिंप. त्यावर नाव नाही. हातावर घेतले की गार लागते आणि बघता बघता उडून जाते. त्याच्याजवळ बिडी पेटवायची नाही. वास पहिल्यांदा बरा वाटतो, मग डोके जड होते. आणि मिठाच्या पाण्याची गोष्टही कमळाने सांगितली. डॉक्टर हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"दुसऱ्या गावची असते तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "भिवंडीची म्हणून फसले. ठमाबाई, तुम्ही आज साडी बदलून आला असतात तर मला कधीच कळलं नसतं."

"आमची आळस करायची खोड कुनाच्या तरी उपेगाला आली म्हनायची," ठमाबाई म्हणाली. आणि तिने आपला पदर असा हातात धरला, जणू तो विस्तव होता.

मृणालीने दुसऱ्या दिवशी खात्यातून त्या द्रवाची घट्ट बुचाची बाटली आणली. तपासणीत त्यात बेंझिन नावाचे द्रव्य भरपूर निघाले. मज्जेचाही निकाल आला. डॉक्टर नीरजांनी मायलेकींना समोर बसवून सांगितले की हे द्रव्य श्वासातून आणि कातडीतून शरीरात शिरते आणि थेट मज्जेवर घाव घालते. माझे बाबा म्हणतात, त्या सांगू लागल्या, की वास म्हणजे गंध, वास म्हणजे राहणे, आणि संस्कृतात वस्त्रालाही वासस् असा जोडीचा शब्द आहे. तुमच्या बाबतीत तिन्ही एक झाले. कापडाचा गंध अंगात राहायला गेला. मज्जा थकली आहे, निम्म्याहून अधिक ओस पडली आहे. पण तिच्यात वेड्यावाकड्या पेशी माजलेल्या नाहीत. तसे झाले असते तर त्याला रक्ताचा कर्करोग म्हटले असते. अजून ती वेळ आलेली नाही. त्या द्रव्याची संगत कायमची सुटली, तर मज्जा पुन्हा जोर धरेल अशी मला आशा आहे. मात्र तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागेल.

 कमळाने आपल्या भाषेत ते जुळवून पाहिले. "बांध फुटून खाडीचं पानी भातशेतात शिरतं, तसं झालं म्हना. बांध लवकर घातला, तर दोन-तीन पावसानं खार धुवून जाते नि भात परत येतं. न्हाय घातला तर तिवरांची झाडं माजतात. मग ते शेत आपलं राहत न्हाय."

डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसेच. तुमच्या शेतात तिवरे अजून उगवलेली नाहीत, कमळाताई. बांध घालायचा आहे.

कमळाने त्यांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

आपल्यापुरता बांध घालणे सोपे होते; कामावर जायचे नाही, इतकेच. पण दिवसाच्या भर उजेडात, रक्ताची पिशवी थेंब थेंब अंगात उतरत असताना, तिला समोरचे टेबल दिसू लागले. ठमाबाईच्या हातात बाटली. तिच्या शेजारी बसणाऱ्या, भिवंडीच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायका. बंद खिडक्या. सांगायला हवे होते, आणि सांगायचे ते काळूरामभाऊजींना. ज्याने उघड्यावर पडू दिले नाही, त्याच्या तोंडावर तुमच्या खात्यात विष आहे असे कोणत्या जिभेने म्हणायचे? मिठागरावर वाढलेल्या लेकीला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. मृणाली म्हणाली, मी बोलते काकांशी. कमळाने तिला थांबवले. मुलीचा राग त्यात मिसळला असता, आणि रागाने हे काम झाले नसते.

तिने मान वर करून पिशवीकडे पाहिले. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याने आपल्याला जगवले. त्याची परतफेड करायला त्याचे दार कोणते? आणि टेबलावरच्या बायकांची तर नावे ठाऊक होती, दारेही ठाऊक होती. मिळालेले दान ज्याचे त्याला परत देता येत नसेल, तर ते पुढे द्यायचे असते, एवढे तिच्या मनात स्वच्छ उमटले. पिशवी संपेपर्यंत तिचा निश्चय झाला होता.

अंगात चालण्याइतके बळ आल्यावर ती ठमाबाईला सोबत घेऊन नारपोलीला गेली. काळूराम खात्यालगतच्या आपल्या छोट्या ऑफिसात बसला होता. वहिनीला पाहून त्याला खरोखर आनंद झाला. तो उठला, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि स्वतः पेला भरून तिच्यापुढे ठेवला.

"बसा वहिनी. आदी पानी घ्या."

"गोडं हाय ना, भाऊजी?"

"म्हंजे काय. फिल्टरचं हाय, सकाळीच कॅन आला."

"मना हे नको. टेबलावरचं गोडं पानी द्या. याच पेल्यात."

काळूराम हसला. आजारपणाने डोके फिरले की काय, ते कोणी पिते का, असे त्याने विचारले.

"आमी तेच पितो, भाऊजी," कमळा शांतपणे म्हणाली. "तोंडानं न्हाय. नाकानं नि हातानं."

मग तिने डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, कोणावर बोट ठेवले नाही. बांध फुटलेल्या शेताची गोष्ट जशी सांगावी तशी सांगितली. काळूराम ऐकता ऐकता अस्वस्थ झाला. सगळी भिवंडी हेच वापरते, असे तो म्हणाला. मी स्वतः रोज इथे बसतो, मला कुठे काय झाले, असेही म्हणाला. डॉक्टर लोकांना काहीतरी नाव द्यायचेच असते. शेवटी तो खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं, वहिनी."



"जागलेय, म्हनून तुमच्या दारात आले," कमळा म्हणाली. "सरकारी हापिसरकडं जायची वाट मनाबी ठावं हाय. पन तुमी मना उघड्यावं पडू दिलं न्हाय. तुमच्या टेबलाव आनखी कुनी पडलं, तर तुमचं ते पुन्य वाया जाईल. ते मना बघवनार न्हाय."

काळूराम खाली बसला. पुढ्यातला पेला त्याने बोटांनी एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. बाहेर माग चालू होते. त्यांचा खडखडाट भिंतीतून येत होता. मग तो बोलला, आणि त्याचा आवाज निराळा होता.

"इद्रीसबी असाच फिका पडला होता."

त्याने पेला बाजूला सारला.

"मी त्याला गूळ द्यायचो, वहिनी. जाताना अख्खी ढेप दिली बांधून. म्हटलं, गावाला खात जा, रक्त भरंल."

त्याने मोबाइल काढून इद्रीसचाचाच्या मुलाचा नंबर शोधला. संध्याकाळी बोलणे झाले. अब्बा गावी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गेले, आखिरी वक्तापर्यंत सेठना दुआ देत होते, असे मुलाने सांगितले. ते ऐकून काळूराम खात्याच्या पायरीवर बसला. त्या दिवशी त्याने गूळ वाटला नाही.

निळे पिंप हलले. डॉक्टर नीरजांनी ओळखीच्या एका जाणकार अभियंत्याला पाठवले. त्याने त्या द्रवाऐवजी साबणाचा लेप आणि गरम पाणी सुचवले, खिडक्या उघडल्या, हवा बाहेर ओढणारे पंखे बसवले. धुळीसाठी जाळ्या लागल्या. डाग निघायला आता वेळ लागतो; काही हट्टी डाग निघतच नाहीत, आणि तो तागा कमी भावाने जातो. काळूराम त्यावर कुरकुरतो, पण पुरवठादाराचा माणूस जुना माल घेऊन आला, तेव्हा त्याने त्याला चहाही विचारला नाही. इतर मागवाल्यांना त्याने सांगून पाहिले. काही हसले. काही थोड्या दिवसांनी गुपचूप येऊन पंखा कुठून आणला, ते विचारून गेले.

टेबलावरच्या सगळ्या बायकांचे रक्त तपासले गेले. ठमाबाईचे रक्त उतरणीला लागले होते, पण बांध वेळेवर पडला. तिने डॉक्टरांना विचारले की मज्जा शाबूत आहे ना, आणि आहे असे कळताच, मग आता जरा करून घेते, असे म्हणून सगळ्यांना हसवले. काळूरामनेही आपला हात पुढे केला, आणि सुई टोचताना तोंड फिरवले.

कमळाच्या शेतात भात परत आले, पण सावकाश. दोन पिशव्यांमधले अंतर वाढत गेले. मग एके दिवशी पिशवी लागलीच नाही, आणि त्यानंतरही लागली नाही. ठरलेल्या वेळी तपासणीला जायचे हा आता तिचा नेमच झाला आहे. एकादशीसारखा तो ती पाळते. पुढे कधी तिवरे उगवणारच नाहीत, असे वचन डॉक्टर देत नाहीत आणि कमळाही मागत नाही. मिळालेला दिवस ती दोन्ही हातांनी घेते.

एका खेपेला तिने डॉक्टर नीरजांसाठी फडक्यात बांधलेले मीठ नेले. तिचा भाऊ अजून खाडीकाठी थोडे मिठागर राखून आहे. त्याच्या पहिल्या वाफ्यातले, जाडे, करड्या झाकेचे मीठ. देण्यासारखे दुसरे माझ्याजवळ नाही, असे ती म्हणाली. डॉक्टर उभ्या राहिल्या, ते त्यांनी ओंजळीत घेतले, आणि बाबांना आजच जेवताना वाढते, असे म्हणाल्या.

कमळा पुन्हा खात्यात जाते. आता ती घड्या घालते, उघड्या खिडकीपाशी. पाण्याचा नवा माठ तिच्याच शेजारी ठेवला आहे. परवा दुपारी ठमाबाईने पलीकडून हाक मारली, "कमळे, गोडं पानी दे गं जरा."

सारे टेबल क्षणभर थांबले. मग ठमाबाईच आपल्या तोंडावर चापट मारून म्हणाली, "पानी दे. नुस्तं पानी."

कमळाने दोन पेले भरले. एक तिने पुढे केला. दुसरा ओठांशी नेण्याआधी सवयीने नाकाशी धरला. त्याला कसलाही वास नव्हता. तिने डोळे मिटून त्या पेल्याला कपाळ लावले आणि मग ती पाणी प्याली.